मुलगी पावणेचार वर्षांची, वजन साडेअठरा किलो. आत्ता खेळवलं तर पुढे खरंच फरक पडतो का?

वरणभातलिंबू (रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचते इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक ३ वर्षं ८ महिन्यांची आहे. परवा सर्दीसाठी डॉक्टरकडे नेली तर त्यांनी सहज वजन-उंची घेतली, उंची ९८ सेंमी, वजन १८.५ किलो, आणि तो रंगीत रेघांचा कागद काढून म्हणाले की उंचीच्या मानाने वजन जास्त आहे, ओव्हरवेट मध्ये जातंय, खाण्याकडे बघा आणि पळू द्या तिला भरपूर. एवढंच. पुढचा पेशंट आत आला पण. मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि मग प्रश्न सुचायला लागले, नेहमीसारखे.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या खात्यापित्या घरचं लेकरू आहे, बाळसं आहे ते, उंची वाढली की आपोआप जातं, तुझा नवरा पण असाच होता. (नवरा अजूनही तसाच आहे, पण ते जाऊ दे.) आम्ही पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो, खाली पार्किंग आणि एक लॉन, लॉनवर "गवतावर चालू नये" अशी पाटी, चार घसरगुंड्या त्या पण उन्हात तापलेल्या असतात. प्रीस्कूल दोन खोल्यांत भरतं. शाळेतून आली की जेवण, झोप, मग टीव्ही नाहीतर फोन, मी साडेसातला घरी येते.

तर प्रश्न असा की या वयात पळण्याखेळण्याचा पुढच्या लठ्ठपणाशी खरंच संबंध असतो का? की आत्ता खेळली न खेळली, पुढे जे व्हायचं ते होतंच? आणि संबंध असेल तर काय करायचं, क्लास लावू का? स्केटिंगचा आहे जवळ, जिम्नॅस्टिक्सचा पण आहे, दोन्हीची फी ऐकून माझंच वजन कमी झालं. कुणी या चक्रातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

गोट्या_सातारकर (रात्री ११:४०)

क्लास कसला लावता ताई. आम्ही शाळेतून आलो की दप्तर फेकायचं आणि थेट पटांगणात, लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या, डब्बा ऐसपैस, अंधार पडून आई काठी घेऊन येईपर्यंत. वर्गात एक पोरगं जाड नव्हतं. सगळा घोळ मोबाईलचा आहे. मोबाईल फेकून द्या, प्रश्न संपला.

खडूस_हिशेबनीस (रात्री १२:०५)

गोट्याशेठ, तुमच्या वर्गात जाड पोरगं नव्हतं कारण तेव्हा घरात बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर असायचा आणि वडे दिवाळीला व्हायचे. खेळाला सगळं श्रेय देऊ नका.

ताई, मी डॉक्टर नाही, आकड्यांचं काम करतो आणि माझ्या मुलाच्या वेळी हेच सगळं वाचून काढलं होतं म्हणून लिहितोय. कडू लागेल पण खेळाने वजन उतरतं हा हिशेब लहान मुलांत तरी सरळ बसत नाही. ग्लासगोला ३६ नर्सरींमधल्या ५४५ मुलांवर एक प्रयोग झाला होता, २००६ साली छापून आला. अर्ध्या नर्सरींत आठवड्याला तीनदा अर्धा-अर्धा तास ठरवून हालचाल करवली, २४ आठवडे, शिवाय घरच्यांना माहिती वगैरे. बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्यात, फरक? शून्य. मग कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासणारी संस्था आहे) २०१९ मध्ये जगभरातले असे प्रयोग एकत्र करून पाहिले, त्यात ५ वर्षांखालच्या मुलांत नुसता व्यायाम वाढवून वजनावर परिणाम दिसला नाही. खाणं आणि हालचाल दोन्ही बदललं तिथे दिसला, तो पण थोडासाच. ६ ते १२ वयात मात्र नुसत्या हालचालीने पण थोडा फरक दिसतो.

अजून एक मजा. इंग्लंडात प्लिमथ गावी मुलांना वर्षानुवर्षं मोजत होते, अर्लीबर्ड नावाचा अभ्यास. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं की ७ ते १० या वयात आळशी मुलं पुढे जाड होतात असं दिसलं नाही, उलट जाड झालेली मुलं पुढे हालचाल कमी करतात असं दिसलं. म्हणजे आपण ज्याला कारण म्हणतो ते परिणाम पण असू शकतं. स्केटिंगला पैसे घालायच्या आधी रात्रीची दुधाची बाटली, त्यातली पावडर, टेट्रापॅकातला ज्यूस याचा हिशेब मांडा. अर्धा तास खेळवून वर जाताना ज्यूस दिला की जमाखर्च बरोबर.

गोट्या_सातारकर (रात्री १२:११)

म्हणजे पोरांनी खेळू नये का? काय पण लॉजिक.

खडूस_हिशेबनीस (रात्री १२:१४)

असं कुठं म्हणालो मी. वजन कमी करायला खेळू नये एवढंच म्हणालो. वाचत जा ना राव.

शिट्टीवाले_सर (सकाळी ६:२०)

३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, आता निवृत्त, नाशिकला असतो. हिशेबनीसांनी ग्लासगोच्या प्रयोगाचं अर्धंच सांगितलं. त्याच प्रयोगात त्या मुलांचं हालचालीचं कौशल्य सुधारलं होतं, उडी, तोल, झेल वगैरे. आमच्यासारख्यांसाठी तोच मुद्दा आहे आणि तो वजनकाट्यावर दिसत नाही.

सांगतो कसं. पाचवीला नवीन पोरं यायची मैदानावर. पहिल्याच तासाला कळायचं की कोण लहानपणी खेळलंय आणि कोण नाही. न खेळलेल्याकडे चेंडू टाकला की ते डोळे मिटून दोन्ही हात तोंडासमोर धरतं. पळताना पूर्ण पाऊल थप्पथप्प आपटतं. लंगडी घातली की तिसऱ्या उडीला दुसरा पाय टेकतो. यात पोराचा दोष काही नाही, कुणी करूनच दिलं नाही त्याला. पण मग काय होतं, संघ पाडताना ते शेवटपर्यंत उरतं, दोन्ही कॅप्टन म्हणतात "सर याला त्यांच्यात द्या", चार दिवसांनी ते स्वतःच म्हणतं सर मी स्कोअर लिहितो. झालं. दहाव्या वर्षी पोरगं स्कोअर लिहायला बसलं की ते आयुष्यभर बाकावरच. पुढे त्याचं वजन वाढतं तेव्हा सगळे म्हणतात खात सुटलाय. खात असेलही, पण मैदान त्याचं आधीच सुटलं होतं, आणि ते सुटायला सुरुवात तीन-चार वर्षांच्या वयात झाली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय, पेपरात वाचलेलं नाही.

तुमच्या लेकीच्या वयाला साधारण काय यायला हवं: दोन्ही पायांनी जागच्या जागी उडी, तीनचाकी सायकल पायडल मारत, एका पायावर दोन-तीन सेकंद उभं राहणं, जिना एकेका पायरीवर एकेक पाय टाकत चढणं. चारच्या पुढे लंगडीच्या दोन-चार उड्या आणि मोठा चेंडू झेलणं. आज घरीच करून बघा आणि लिहा इथे.

क्लासची घाई नको. या वयात क्लास म्हणजे वीस मिनिटं रांगेत उभं राहून दोन मिनिटं नंबर लागणं. त्यापेक्षा मोठ्या पोरांच्यात सोडा. आमच्या वेळी लिंबूटिंबू असायचं की नाही, आठवतं का कुणाला? तीन-चार वर्षांचं शेंबडं पोर मोठ्यांच्या खेळात घ्यायचं, त्याच्यावर राज्य येत नाही, ते आऊट होत नाही, नुसतं सगळ्यांच्या मागे पळतं. त्यात ते सगळं शिकायचं, कुणी शिकवल्याशिवाय. आता सोसायट्यांत ४ वर्षांची वेगळी बॅच, ६ वर्षांची वेगळी बॅच. लिंबूटिंबू संपलं.

लेस्टरची_पावसाळी (दुपारी २:५०)

अगं वरणभात, तुझं वाचून मला माझंच आठवलं. आम्ही लेस्टरला, मूळचे डोंबिवलीचे. इथे इंग्लंडात सरकारी शाळेत मूल रिसेप्शनला, म्हणजे ४-५ वर्षांचं असताना, आणि मग सहावीत १०-११ चं असताना, असं दोनदा वजन-उंची मोजतात आणि घरी पत्र येतं. माझ्या मोठ्याचं रिसेप्शनचं पत्र आलं "हेल्दी वेट" म्हणून आणि मी फ्रिजवर लावलं होतं मॅग्नेटने, काय सांगू. सहावीचं पत्र आलं ते मी कपाटात ठेवलं. आणि हे माझ्या एकटीचं नाही, २०२२-२३ च्या आकड्यांत इथे रिसेप्शनची ९ टक्क्यांच्या आसपास मुलं ओबीस होती आणि सहावीची जवळपास २३ टक्के. म्हणजे मधल्या सहा वर्षांत दुप्पटीहून जास्त. तुझी लेक आत्ता पावणेचारचीच आहे ग, तुझ्या हातात वेळ आहे.

आणि आमची चूक काय झाली तर हवा. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, डिसेंबरात तर चार वाजताच अंधार, मी मुलाला घरातच ठेवायचे की सर्दी होईल. शेजारची गोरी बाई रेनकोट घालून पोरांना चिखलात सोडायची आणि मी खिडकीतून नावं ठेवायचे. आता धाकटीला मी पण सोडते. शाळेत डेली माइल म्हणून करतात, २०१२ ला स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका शाळेत सुरू झालं आणि मग सगळीकडे पसरलं, रोज १५ मिनिटं मुलं मैदानाला चकरा मारतात, युनिफॉर्मवरच, किट बदलायचं नाही, स्पर्धा नाही, कुणी पहिलं येत नाही. त्याने वजन किती उतरतं देव जाणे पण मुलगी घरी येते तेव्हा गाल लाल असतात आणि साडेसातला झोपते.

ओपीडी_संपली (संध्याकाळी ७:३०)

बालरोगतज्ज्ञ आहे, इथे सल्ला देत नाही, तुमच्या डॉक्टरांकडे परत जाच. पण "बाळसं आहे, जाईल" या वाक्यावर थोडं लिहिते कारण हे मी दिवसातून चारदा ऐकते.

बाळसं खोटं नाही. पहिल्या वर्षात बाळ गुटगुटीत होत जातं, बीएमआय चढतो. मग चालायला लागलं की उतरायला लागतो, मूल लांबट दिसायला लागतं, आज्या म्हणतात "वाळलं ग पोर". साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तो तळाला जातो आणि मग परत हळूहळू चढतो, मोठेपणापर्यंत. या परत चढण्याला अॅडिपॉसिटी रिबाउंड म्हणतात, फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८४ साली मांडलेली गोष्ट आहे. त्यातली मेख ही की ज्या मुलांत हे चढणं लवकर, तीन-चारच्या वयातच सुरू होतं, त्यांच्यात पुढे लठ्ठपणा जास्त दिसतो. म्हणून साडेतीन वर्षांचं मूल वाळकं दिसणं हे बहुतेक वेळा नॉर्मल असतं, आणि ते गुटगुटीतच राहणं, किंवा अजून गुटगुटीत होत जाणं, हे बघण्यासारखं असतं. आपल्याकडे सगळं उलटं, वाळक्या मुलाची आई टॉनिक मागायला येते आणि गुटगुटीत मुलाची आई दृष्ट काढायला जाते.

त्यामुळे आजचा एक आकडा काही सांगत नाही. लसीकरणाच्या कार्डावर जुनी वजनं-उंच्या असतील त्या काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. एक वर्षाचा, दोनचा, तीनचा आणि आत्ताचा बीएमआय लिहा. जन्माचं वजन पण लिहा, ते का ते नंतर सांगते.

हालचालीबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्यांसाठी सांगितलंय की ३-४ वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. तीन तास ऐकून घाबरू नका, चालणं, जिना, अंगणात फिरणं, घरात नाचणं, सगळं धरून. स्क्रीन तासाभराच्या आत, कमी तेवढं बरं. झोप दिवसा-रात्रीची मिळून १० ते १३ तास. आणि एक कलम कुणी वाचत नाही, सलग तासाहून जास्त मुलाला बांधून ठेवायचं नाही, बाबागाडीत, हाय चेअरवर. आपण त्यात सोफ्यावर मोबाईल देऊन बसवणं पण धरू या, पट्टा दिसत नाही एवढंच. वर्षाच्या आतल्या बाळासाठी सुद्धा आहे, जागं असताना दिवसभरात अर्धा तास तरी पालथं ठेवायचं. आपल्या आज्या तेल लावून पालथं टाकायच्याच.

आजी_ऑनलाईन (रात्री ८:१५)

सगळे आज्यांवर घसरलात म्हणून लिहिते. वय ६६, दोन नातवंडं सांभाळते सकाळी आठ ते संध्याकाळी सात. गुडघे दोन्ही गेलेत. चार वर्षांचं पोर खाली नेलं आणि ते गाडीपुढे पळालं तर मी धावू शकत नाही, हे तुम्हाला ऑफिसात बसून कळायचं नाही. मोबाईल मी हौसेने देत नाही. एक घास भरवायला पाऊण तास लागतो, मोबाईल लावला की दहा मिनिटांत वाटी रिकामी होते, मग संध्याकाळी सून विचारते "जेवली का नीट", तेव्हा हो म्हणता येतं. पोर बारीक झालं की पहिला जाब आजीलाच. ते पण लिहा कुणीतरी.

ओपीडी_संपली (रात्री ८:३२)

आजी, अगदी मान्य. आणि तुम्ही जे सांगितलंत तेच मोठं कारण आहे खरं तर. मोबाईल लावून दहा मिनिटांत वाटी रिकामी होते कारण मुलाचं पोट भरलंय हे त्याला कळतच नाही. एक करता येईल का, घास भरवणं सोडून द्या, ताटात थोडं वाढा, जेवढं हाताने खाईल तेवढं खाईल, वीस मिनिटांनी ताट उचला. आणि सुनेने "जेवली का" विचारायचं बंद करायचं. "खेळली का" विचारा.

वरणभातलिंबू (रात्री १०:५५)

बापरे एवढे रिप्लाय, सगळ्यांना खूप थँक्यू. आजी तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी रोज दारातून आत आल्याआल्या तेच विचारते, "जेवली का नीट".

कार्ड सापडलं, पाऊचमध्ये पिवळं पडलेलं. जन्माचं वजन २.६. एक वर्षाला ७४ सेंमी ९.६ किलो, दोनला ८५ आणि १२.२, तीनला ९४ आणि १५.५. कॅल्क्युलेटरवर केलं, एकला १७.५, दोनला १६.९, तीनला १७.५, आत्ता १९.३. म्हणजे डॉक्टर तुम्ही म्हणालात तसं उतरला आणि मग लगेच चढायला लागला ना? दोनच्या पुढेच? मी तीनदा करून पाहिलं.

दोन वर्षांची झाली तेव्हा मी परत ऑफिस जॉइन केलं. तेव्हाच आम्ही चाळवजा बैठ्या घरातून या फ्लॅटमध्ये आलो. तिथे अंगण होतं, कोंबड्यांच्या मागे पळायची दिवसभर. तेव्हापासून रात्री दुधाची बाटली पावडर घालून, सकाळी एक, दुपारी एक. हिशेबनीस काका, ज्यूसचं पण बरोबर ओळखलंत, शाळेतून येताना रोज एक, तिच्या बाबांचं प्रेम आहे ते.

सर, टेस्ट घेतली. उडी मारता येते. एका पायावर उभी नाही राहिली, लगेच माझा हात धरला. जिना माहीतच नाही तिला! आम्ही लिफ्टने जातो. पहिल्या मजल्यापर्यंत नेली तर एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ठेवत चढली आणि मग "मम्मा उचल".

ओपीडी_संपली (रात्री ११:२५)

हो, बरोबर वाचलंत. घाबरवत नाही, पण "जाईल आपोआप" म्हणून सोडून देण्यासारखा तो आलेख नाही. या आकड्यांसकट डॉक्टरांकडे परत जा, सर्दी नसताना, वेगळी वेळ घेऊन.

जन्माचं वजन का विचारलं ते सांगते. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून आया आणि बाळांचा अभ्यास केलाय. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५ ची. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक पण चरबीवालं बाळ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणून आपल्या मुलांत वजनाचा काटा अर्धीच गोष्ट सांगतो. २.६ ची बाळं नंतर भराभर वजनं घेतात तेव्हा घरात आनंद असतो, पण वाढतंय काय, स्नायू की चरबी, ते काटा सांगत नाही. स्नायूंना काम मिळाल्याशिवाय ते वाढत नाहीत, नुसत्या वाटीने नाहीत वाढत. त्यामुळे हिशेबनीसांचं म्हणणं मान्य करून सुद्धा मी खेळू द्या म्हणेन, किलोत फरक दिसो न दिसो.

आणि वजन कमी करायचं नाहीये तिचं, डाएट वगैरे अजिबात नको, तिच्यासमोर "जाड" हा शब्द पण नको. या वयात वर्षाला ६-७ सेंमी उंची वाढते. वजन १९ च्या आसपास रेंगाळलं आणि उंची १०४ झाली की बीएमआय आपोआप साडेसतराच्या घरात येतो. बाटली बंद, दूध कपाने, पावडर न घालता, दिवसाला किती ते तुमचे डॉक्टर सांगतील. ज्यूस बंद, बाबांना प्रेम दाखवायला दुसरं काहीतरी शोधायला सांगा.

खडूस_हिशेबनीस (रात्री ११:४०)

बाबांनी तिला घेऊन जिना चढावा. दोघांचं काम होईल.

(सर, ग्लासगोचं राहिलेलं अर्धं सांगितल्याबद्दल आभार. मी तो कॉलम वाचलाच नव्हता, नुसता बीएमआय शोधत होतो.)

लेस्टरची_पावसाळी (रात्री ११:५८)

डॉक्टर, ते बारीक-पण-चरबीवालं इथे पण सांगतात, आशियाई मुलांचं बीएमआयने नीट कळत नाही म्हणून. म्हणजे माझं फ्रिजवरचं पत्र पण अर्धंच खरं होतं की काय. बरं.

शिट्टीवाले_सर (सकाळी ६:०५)

जिन्याचं काही नाही, पंधरा दिवसांत येईल. रोज लिफ्टने दहाव्या मजल्यावर उतरायचं आणि शेवटचा एकच मजला चढायचा. तिला पायऱ्या मोजू द्यायच्या. उचलायचं नाही, थांबायचं. ती बसली तर आपण पण पायरीवर बसायचं. एका पायाचं भिंतीला हात लावून, दात घासताना, "बगळा कोण होतो बघू". घरात गादी खाली टाकून उड्या. कागदाचा बोळा करून झेलाझेली, चेंडूपेक्षा बोळा बरा, लागत नाही आणि हळू येतो.

अकराव्या मजल्यावर सुद्धा एवढं होतं. बाकी पाटी असलेलं लॉन ते लॉन नव्हे, पण त्यावर मी बोलत नाही, माझं बीपी वाढतं.

गोट्या_सातारकर (सकाळी ९:१०)

पाटी रात्री उपटून टाका ताई. कोण बघतंय.

वरणभातलिंबू (तीन आठवड्यांनी, रात्री ९:४०)

कुणी विचारलं नाहीये पण अपडेट टाकते.

पाटी उपटली नाही. सेक्रेटरींना भेटलो चार आया मिळून, ते म्हणाले गवत खराब होईल, एकीने विचारलं काका गवत कुणासाठी लावलंय, ते म्हणाले दिसायला. मग दोन तास मिळाले, संध्याकाळी ५ ते ७, चेंडू मात्र नाही. बाटली सुटली, चार रात्री कुणी झोपलं नाही घरात. ज्यूस सुटला नाही पूर्ण, आठवड्यातून एक होतो, मला न सांगता, रिकामा डबा गाडीत सापडतो. मोबाईलवर जेवण अजून दुपारचं चालू आहे, सासूबाईंशी भांडायची ताकद नाही, पण संध्याकाळी त्याच तिला खाली नेतात आता, आजी_ऑनलाईन यांचा रिप्लाय मी त्यांना वाचून दाखवला होता, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी चप्पल घालून तयार. बाकावर बसतात आणि सोसायटीच्या मोठ्या पोरांना ओरडतात "हिला बघा रे". डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे, वजन मी घरी केलं नाही मुद्दाम.

जिना, दोन्ही पाय एका पायरीवर नाही ठेवत आता बऱ्याचदा. बगळा चार आकडे मोजेपर्यंत.

आणि सर, परवा मी लवकर आले तर खाली सात-आठ वर्षांची पोरं पकडापकडी खेळत होती, ही कडेला उभी. त्यांच्यातली एक म्हणाली आंटी ही खूप लहान आहे, हिला घेतलं तर गेम खराब होतो. मी म्हणाले लिंबूटिंबू घ्या ना. एकालाही शब्द माहीत नव्हता! समजावून सांगितलं, हिच्यावर राज्य येत नाही, ही आऊट होत नाही, नुसती तुमच्याबरोबर पळणार. सगळे गप्प, विचारात पडले. मग त्यातला सगळ्यात उंच मुलगा म्हणाला, "म्हणजे आऊटच नाही? कधीच? मग मला पण लिंबूटिंबू व्हायचंय." आता रोज त्यावरून भांडण असतं की आज लिंबूटिंबू कोण.

शिट्टीवाले_सर (सकाळी ५:५५)

त्याला सांगा, उंची १०० सेंमीच्या आत असेल तर.